सपाता पावाच्या क्रेटमध्ये

कालिम्पाँगच्या नर्सरीत माझा तो पहिलाच पावसाळा. दापोलीत शिकलेली असल्यामुळे पाऊस मला कोणी शिकवायला नको, असं मला वाटायचं.

माझ्याकडे स्लिपर ऑर्किडच्या चाळीस कुंड्या होत्या. आम्ही त्यांना पॅफ म्हणतो. सगळी व्हेनस्टम जातीची: पानांवर गडद-फिकी हिरवी नक्षी, फुलाची खालची पाकळी अगदी सपातेच्या चवड्यासारखी. जुलैतल्या एका सकाळी काहींची पानं मलूल दिसली. पाणी कमी पडलं असेल म्हणून मी दोन दिवस आणखी पाणी घातलं. शहाणपणा!

तिसऱ्या दिवशी एक कुंडी पालथी केली. वरच्या दोन इंचांत मुळं, खाली चार इंच नुसता काळा लगदा, वास डब्यात विसरलेल्या भातासारखा. पॅफचं चांगलं मूळही तपकिरी आणि लवदार असतं, नवखा माणूस इथेच फसतो. एक मूळ चिमटीत धरून ओढलं. साल सुळकन निघून आली, हातात दोऱ्याएवढा गाभा राहिला. चाळीसपैकी सव्वीस कुंड्यांत हेच. या झाडांना पाणी साठवायला जाड खोड नसतं. मुळं कुजली की कुंडी चिंब असूनही झाड तहानेलं. आणि जंगलातून नवी आणायची सोय नाही, कायद्याने बंदी आहे; पॅफची अख्खी प्रजाती साइट्सच्या, म्हणजे दुर्मिळ जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, पहिल्या आणि सगळ्यात कडक परिशिष्टात आहे.

आमचे म्हातारे माळी दाजू काही न बोलता मला शेडमागे घेऊन गेले. तिथे पावाचा प्लॅस्टिकचा क्रेट होता. चार बोटं थर, अंगठ्याएवढे पाइनच्या सालीचे तुकडे आणि कोळसा, त्यात मी टाकून दिलेली रोपं. मुळं आडवी धावलेली. एक तर बाजूच्या जाळीतून बाहेर आलेलं, टोक सायीच्या रंगाचं.

"जंगलात हिला कुंडी कोण देतं, मॅडम? पाचोळ्यात पसरते."

मी पुस्तक काढलं. कुंड्या धुवायचा स्पंज भिजवून आडवा धरला. ठिबकणं थांबल्यावर तो उभा केला, तर पुन्हा धार लागली. "बघा दाजू, तळाशी पाणी अडतं ते सारख्याच उंचीपर्यंत. भांडं उथळ केलं तर उलट जास्त भाग ओला राहील."

दाजूंनी क्रेट डोक्यावर उचलला आणि मला खालून बघायला लावलं. तळातून आभाळ दिसत होतं.

माझं गणित चुकीचं नव्हतं, पण ते कुंडीतल्या बारीक मिश्रणाचं होतं. असल्या जाड तुकड्यांत पाणी फार अडत नाही, अडलेलंही खालच्या वाऱ्यावर सुकतं. बंद तळाच्या ट्रेमध्ये तेच जुनं मिश्रण भरलं असतं, तर मी बरोबर ठरले असते आणि झाडं मेली असती.

अंधार पडेपर्यंत कुजकी मुळं कापून सव्वीस रोपं चार क्रेटमध्ये लावली. पैकी एका क्रेटमधली सहाही पुढे मेली. एकीला मऊ कूज लागली आणि पाण्याबरोबर शेजारणींकडे पोचली. कुंडीत ती एकटीच मेली असती. आता मी मध्ये वीतभर जागा सोडते.

गिऱ्हाईक मात्र अजूनही "कुंडीत द्या" म्हणतं. एकमेकींत गुंतलेली मुळं त्यासाठी कापावी लागतात. मग दाजू कात्री शोधायला जातात आणि बराच वेळ परत येत नाहीत.