गाब्रिएल बेटावरची दुपार

मॉरिशसमध्ये आम्ही आठ दिवस होतो आणि त्यांतल्या सहा दिवसांबद्दल मला विशेष काही सांगायचे नाही. समुद्र छायाचित्रांत दिसतो तितकाच निळा होता आणि हॉटेलातली भाजी आठही दिवस एकाच चवीची होती. लिहायला बसले ते गाब्रिएल बेटावरच्या एका दुपारीमुळे.

उत्तर किनाऱ्यावरच्या ग्रां बे येथून कॅटामरान, म्हणजे जोडनाव, सुटते. माणशी पैसे भरले की जाणे-येणे, भाजलेली मासळी आणि हवी तेवढी रम त्यातच येते. दीपगृह असलेल्या फ्लॅट बेटाला लागूनच हे ठेंगणे, पांढऱ्या वाळूचे बेट आहे. आमच्या वाटाड्याने पोहायला कुठे उतरावे, हे तीनदा सांगितले. इथे काय घडले होते, याबद्दल मात्र अवाक्षर काढले नाही.

१८५६ च्या जानेवारीत ऊसमळ्यांसाठी करारावरचे मजूर घेऊन 'हैदरी' आणि 'फत्ते मुबारक' ही दोन जहाजे कलकत्त्याहून आली, तेव्हा त्यांच्यावर पटकीची लागण झालेली होती. दोनच वर्षांपूर्वी, १८५४ मध्ये, पटकीने ब्रिटिशांच्या या वसाहतीत हजारो बळी घेतले असल्यामुळे राजधानी पोर्ट लुईच्या रहिवाशांनी या माणसांना बंदरात उतरवू नये म्हणून सरकारवर दबाव आणला, आणि त्यांना या बेटावर, तुटपुंज्या निवाऱ्यात आणि अपुऱ्या अन्नपाण्यावर, महिनोन् महिने ठेवण्यात आले. अडीचशेंहून अधिक माणसे इथेच मेली. एवढे करूनही त्याच वर्षी पटकी शहरात शिरलीच. हिंदुस्थान सरकारने पुढे काही काळ मॉरिशसकडे मजूर पाठवणे बंद केले.

हे सगळे मी आदल्या रात्री वाचले होते, तरी त्याचा अर्थ वाळूवर उभे राहिल्यावरच कळला. ती वाळू नव्हतीच, प्रवाळाचा भरड चुरा होता. तळव्याला टोचत होता आणि बाराच्या उन्हात चटके देत होता. पाऊण तासात माझी लिटरभराची बाटली संपली आणि मी लाज न बाळगता शेजारणीकडे पाणी मागितले. शेगडीवरचा स्वयंपाकी आमचे बोलणे ऐकून म्हणाला, "आमी पण मराठी. आजोबांचे आजोबा मुंबईवरून आले." आणि लगेच विचारले, "मासा की कोंबडी?" मी मासा घेतला. भूक लागली होती, खाल्लाही. त्याबद्दल आता कोणी काही म्हटले तर ऐकून घेईन.

दुसऱ्या दिवशी पोर्ट लुईला गेलो. धक्क्यावरच्या आप्रवासी घाटाला, म्हणजे हे मजूर जिथे उतरवले जात त्या ठाण्याला, आमच्या सहलीत वीस मिनिटे होती, त्यापुढच्या बाजाराला दोन तास. दगडी पायऱ्या, रुग्णालयाचे अवशेष आणि संडासांचे चौथरे पाहताना सारखे वाटत होते की येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे रोगाचा वाहक म्हणून पाहणाऱ्या या बंदराला बसलेला खरा तडाखा जहाजे अडवून थांबणारा नव्हताच. १८६६ ते १८६८ या काळात हिवतापाने बेट झोडपले. एकट्या १८६७ मध्ये तापाने सुमारे बत्तीस हजार माणसे गेली, आणि तीही जेमतेम साडेतीन लाखांच्या आतल्या लोकसंख्येतून. हिवतापावरच्या क्विनीनचे भाव कडाडले. ज्यांना परवडले ते क्युरपीपच्या थंड पठारावर राहायला गेले. ताप दलदलीच्या दूषित हवेने येतो अशी तेव्हाची समजूत. डासाचा दोष डॉक्टर रोनाल्ड रॉसने हिंदुस्थानात सिद्ध केला तो तीस वर्षांनंतर, आणि १९०७ मध्ये त्यालाच इथे हिवतापाच्या पाहणीसाठी बोलावून घेतले गेले.

त्याच १८६७ मध्ये वसाहतीने कायदा केला: करार पुरा झालेल्या जुन्या मजुराने स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगलाच पाहिजे. स्मशाने भरत असताना सरकार फोटो काढवून घेत होते. घाटालगतच्या दालनात त्या काळातले असे चेहरे पाहायला मिळतात. डोक्यावरून पदर घेतलेल्या एका बाईने कॅमेऱ्याकडे नव्हे, किंचित बाजूला पाहिले आहे. तिथे कोण उभे होते, एवढाच विचार करत मी रेंगाळले. बाहेर चालकाने तिसऱ्यांदा हॉर्न दिला.