तुम्ही विचारलंत म्हणून: मेलेल्या कावळ्याला डॉक्टर कशाला?

इंदूरच्या मराठी घरांत ढोरांचा डॉक्टर पोहे खायला बसला की हा प्रश्न बशीबरोबरच येतो. "माणसांच्या साथींशी तुमचा काय संबंध? तुम्ही आपल्या म्हशी बघा की!" कोविडनंतर त्याला जोडप्रश्नही आला आहे: "जगाची आरोग्यसुरक्षा म्हणतात, त्यात तुम्ही नेमकं काय करता?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पण सुरुवात म्हशीपासून नको, कावळ्यापासून करू.

डिसेंबर २०२० संपता संपता इंदूरच्याच डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडायला लागले. एखाददुसरा कावळा कशानेही मरतो: विजेची तार, उंदराचं विष, थंडी. तिथे कावळा बसायला अन् फांदी मोडायला एक गाठ पडली म्हणून सोडून देता येतं. एकाच आवारात रोज कावळे मरायला लागले की मात्र नमुना घ्यायचा. तो भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत गेला आणि एच५एन८ निघाला, म्हणजे बर्ड फ्लू. तो माणसाला होतो का, तर तोवर तशी नोंद नव्हती. फेब्रुवारी २०२१ मध्ये रशियाने जाहीर केलं की तिथल्या पोल्ट्रीतल्या सात कामगारांमध्ये हाच विषाणू सापडला. सातही जणांना लक्षणं काहीच नव्हती. म्हणजे ते आपणहून दवाखान्यात गेले नसते. आधी पक्षी मेले, म्हणून माणसं तपासली गेली. संबंध विचारलात ना, तो हा.

आता "नमुना घेतला" हे दोन शब्द. बातमीत ते एका ओळीत उरकतात, प्रत्यक्षात सगळी मेख तिथेच असते. पक्षी ताजा हवा. पोट फुगलं, वास सुटला, किडे लागले, की हाती फारसं काही येत नाही. मास्क, चष्मा, दुहेरी हातमोजे घालायचे आणि पक्षी जागेवर फाडायचा नाही. एक काडी घशातून श्वासनलिकेच्या तोंडाशी फिरवायची, दुसरी गुदद्वारातून, आणि दोन्ही वेगळ्या नळ्यांत ठेवायच्या. काडीचं टोक कृत्रिम धाग्याचं हवं. कान साफ करायची लाकडी दांड्याची, कापसाची काडी चालत नाही, कारण लाकूड-कापसातले घटक पुढच्या पीसीआर तपासणीत अडथळा आणतात. नळीत विषाणू तगवणारं द्रावण असतं. त्यात टोक बुडवून काडी खाचेवर मोडायची आणि झाकण घट्ट लावायचं. नळ्या शोषक कागदात गुंडाळून पिशवीत, पिशवी न गळणाऱ्या डब्यात, डबा बर्फाच्या पॅकसकट थर्माकोलच्या पेटीत. अख्खा पक्षी पाठवायचा तर दोन जाड पिशव्यांत बांधून, बर्फात.

चुका अगदी साध्या असतात. नळीवर बॉलपेनने लिहिलेलं वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने पुसलं जातं आणि भोपाळला पोचतात त्या बिननावाच्या नळ्या. ज्या फॉर्मवर जागा, तारीख, किती पक्षी, कोणत्या जातीचे हे लिहायचं, तो बर्फाच्याच पिशवीत कोंबलेला असतो. कुणी काळजीपोटी नमुना रात्रभर घरच्यासारख्या फ्रीजरमध्ये ठेवतो, हे सर्वात वाईट. विषाणूला एकतर चार अंशांची थंडी मानवते, नाहीतर उणे सत्तरची. मधल्या उणे वीसमध्ये तो मरत जातो, आणि वीज जाऊन-येऊन वितळलं-गोठलं की उरलासुरलाही संपतो. मग अहवाल "निगेटिव्ह" येतो आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात. चुकीच्या नमुन्याचा निगेटिव्ह अहवाल मला पॉझिटिव्हपेक्षा जास्त भीतिदायक वाटतो.

इंदूरची अडचण आणखी वेगळी, आणि थोडी गमतीची. शहर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं. उजाडायच्या आत रस्ते झाडून होतात, आणि कचऱ्याच्या गाडीतून मेलेला कावळाही जातो. शहर चकाचक, पुरावा गायब. यात झाडणाऱ्याचा दोष नाही. त्याला कुणी सांगितलंच नसतं की पाचसहा पक्षी एकाच जागी दिसले तर उचलण्याआधी फोन कर, आणि उचललेस तर उघड्या हाताने नको. माझ्या मते पक्ष्यांच्या साथीत शहरातला पहिला निरीक्षक डॉक्टर नसतोच, झाडूवाला असतो. सिरपूर तलाव आणि यशवंत सागर दोन्ही २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगभरच्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेले, याचं कौतुक आहेच. पण हिवाळी पाहुणे उतरतात ते तिथेच, आणि बदक-बगळ्यांपासून कावळ्यांपर्यंतचं अंतर फार नसतं.

हे सगळं करायला माणसं किती? राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ मध्ये दर ५,००० गुरांमागे एक पशुवैद्यक असं प्रमाण सुचवलं होतं. २०१९ च्या पशुगणनेत मध्य प्रदेशात गायी १.८७ कोटी, म्हशी १.०३ कोटी. शेळ्या-कोंबड्या सोडल्या तरी भागाकार ५,८०० डॉक्टरांवर जातो. इंदूरजवळच्या महूचं पशुवैद्यक महाविद्यालय १९५५ पासून डॉक्टर घडवतंय, पण पदवीला इंटर्नशिपसकट साडेपाच वर्षं लागतात. साथ आल्यावर डॉक्टर मागवता येत नाही. जे आहेत त्यांचा दिवस कसा जातो तेही बघा: लाळ-खुरकुताची लस वर्षातून दोन फेऱ्या, कानात बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला, कृत्रिम रेतन, गोशाळा, शवविच्छेदनाचे दाखले, आणि प्रत्येकाची ऑनलाइन नोंद. रोगावर नजर ठेवणं हे काम कुणाच्याच रोजच्या यादीत नसतं, कारण त्याचं टार्गेट मोजता येत नाही. १९६२ या फोन नंबरवर येणाऱ्या फिरत्या पशुदवाखान्याच्या गाड्या आल्या ते चांगलं झालं, पण योजनेचा हिशेबच लाख जनावरांमागे एक गाडी असा आहे.

"जग" हा शब्द जड वाटत असेल तर जुनं उदाहरण देतो. १९२० मध्ये दक्षिण आशियातून ब्राझीलला निघालेली वशिंडवाली गुरं वाटेत बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात उतरली, आणि बुळकांड्या, म्हणजे गुरांचा जीवघेणा साथीचा रोग, युरोपात परतला. त्या दणक्यातून १९२४ मध्ये पॅरिसला जनावरांच्या आरोग्याची आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली, माणसांची जागतिक आरोग्य संघटना निघाली त्याच्या २४ वर्षं आधी. २०११ मध्ये बुळकांड्या जगातून संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने मुळासकट उपटलेला हा दुसराच रोग.

पण कावळ्यांची बातमी तरी होते. ब्रुसेल्लाची, म्हणजे जनावरांकडून माणसाला होणाऱ्या जंतुरोगाची, होत नाही. शहरातले गोठे बाहेर गेले, आता दूध जवळच्या सांवेर-देपालपूरच्या गावांकडून येतं. तिथे एखादी म्हैस सातव्या-आठव्या महिन्यात गाभडते, म्हणजे तिचा गर्भ पडतो, वार (गर्भाचं वेष्टण) अडकते, आणि घरातलं कुणीतरी कोपरापर्यंत हात घालून ती ओढून काढतं. हातमोजे नसतात, नखाशी चीर असतेच. जंतू सर्वात जास्त त्या वारेत आणि त्या पाण्यात. वार उकिरड्यावर फेकली की कुत्री ती गावभर नेतात. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायला हवी. लस आहे, फक्त कालवडी-वगारींना, वय चार ते आठ महिने, आयुष्यात एकदा. मोठ्या जनावराला दिली तर पुढे रक्ततपासणीत लस कुठली आणि रोग कुठला ते कळत नाही. गाभण असेल तर तीच गाभडू शकते. शिवाय लस जिवंत जंतूंची. वासरू उसळलं आणि सुई टोचणाऱ्याच्याच बोटात गेली, की डॉक्टरच रोगी.

माणसात हा रोग चढउताराचा ताप, रात्रीचा घाम, कंबर आणि सांधे धरणं, पुरुषांत अंडकोषाची सूज अशा रूपात येतो. टायफॉइड समजून आठ-दहा दिवस औषध चालतं, थोडं बरं वाटतं, महिन्याने पुन्हा तेच. दवाखान्यात "परगावी गेला होतात का?" हे विचारतात, "घरी ढोरं आहेत का?" हे सहसा नाही. तेव्हा ते आपणच सांगायचं: घरी म्हशी आहेत, मागच्या महिन्यात एक गाभडली, वार मी काढली, किंवा दूध न उकळता पितो. एवढ्यावर ब्रुसेल्लाची रक्ततपासणी सुचायला हवी. न सुचली तर नाव घेऊन मागावी. उपचार बहुधा दोन औषधांचा, सहा आठवड्यांचा. ताप दुसऱ्या आठवड्यातच उतरतो, तिसऱ्यात लोक गोळ्या बंद करतात, आणि तो परत येतो.