आईचं न्यूयॉर्क, नागपूरच्या हिशोबात

ताईची डिलिव्हरी जवळ आली म्हणून आईचं मुंबई-न्यूयॉर्क तिकीट काढलं आणि घरात वाद सुरू झाला. तिकिटावर निघायची वेळ रात्री १:३०, पोचायची त्याच दिवशी सकाळी ८. बाबा म्हणाले, साडेसहा तासात? अरे लंडनलाच नऊ-साडेनऊ लागतात! परतीचं बघितलं तर सकाळी ११ ला निघून दुसऱ्या दिवशी १०:३० ला मुंबई, म्हणजे साडेतेवीस तास. आई म्हणे, येताना काय बैलगाडीने आणतायत का मला.

मग मी कागद घेऊन बसलो. न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे (नोव्हेंबरपासून साडेदहा, ते लोक घड्याळं फिरवतात). ते धरलं की जाताना १६ तास आणि येताना १४. आईचं माहेर नागपूरचं, तिला किलोमीटर कळत नाहीत, नागपूर कळतं. म्हणाली, म्हणजे पुण्याहून गाडीत बसले की नागपूर येतं तेवढ्यात अमेरिका? हो की, रेल्वेला पंधरा-सोळा तास लागतातच, फक्त इथे अंतर साडेबारा हजार किलोमीटर आहे.

हे साडेबारा हजार म्हणजे सरळ अंतर हं, आणि सरळ म्हणजे भिंतीवरच्या नकाशावरचं सरळ नाही. पोराचा पृथ्वीगोल काढला, आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा मुंबई ते न्यूयॉर्क ताणून धरला तर तो कुठून जावा? कंदाहारवरून, मॉस्कोच्या अगदी जवळून, स्वीडन, आइसलँड आणि ग्रीनलँडच्या खालच्या टोकाला चाटून!! मी तर आफ्रिकेचा वरचा भाग, मग अटलांटिक असं काहीतरी धरून बसलो होतो.

अर्थात विमान काही दोऱ्यावरून जात नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली, अमेरिकन कंपन्यांना २०२२ पासून रशिया बंद, त्यामुळे वळसे आलेच आणि वळसा म्हणजे वेळ आणि इंधन दोन्ही.

पण दोन तासांचा फरक मुख्यतः वाऱ्याचा. नऊ-बारा किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम नावाचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, कधीकधी ताशी २००-३०० किलोमीटरने, आणि विमानाचा स्वतःचा वेग ९०० च्या आसपास, म्हणजे येताना कुणीतरी पाठीवर हात ठेवून ढकलतंय आणि जाताना छातीवर. मला यातलं सगळ्यात भारी वाटलं ते एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को, २०१६ मध्ये त्यांनी अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून, म्हणजे पूर्वेकडे तोंड करून वाऱ्याच्याच दिशेने न्यायला सुरुवात केली, रस्ता १४०० किलोमीटरने वाढून १५,३०० झाला आणि तरी साडेचौदा तासात पोचले, आधीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर! लांबचा रस्ता जवळचा. बाबांना हे अजूनही पटलेलं नाहीये, ते म्हणतात मीटर लावून बघायला पाहिजे.

आईला वारा लगेच पटला. म्हणाली, जाताना उशीर ना, मग दशम्या जाताना जास्त बांध, येताना ताई देईलच काहीतरी.