डीएनए काढायचा तर द्राक्षाच्या पानातून

सांगलीत जैवतंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गाची प्रात्यक्षिके घेत असल्यामुळे, डीएनए वेगळा करण्याचा पहिला प्रयोग कशावर करावा याबद्दल माझे मत आता पक्के झाले आहे: तो केळ्यावर किंवा कांद्यावर करू नये, द्राक्षाच्या पानावर करावा. केळे कुस्करून त्यात मीठ आणि भांडी घासायचा साबण घातला व वरून थंडगार अल्कोहोल सोडले, की पांढरे धागे वर येतात आणि शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ते शोभूनही दिसतात. परंतु त्या धाग्यांत डीएनएच्या जोडीला पेक्टिन आणि प्रथिनेही असतात, आणि कोणता पदार्थ कशासाठी घातला हे मुळीच न कळताही प्रयोग जमून जातो. द्राक्षाचे पान अशी सवलत देत नाही.

पाने तासगावकडच्या बागेतून, शक्यतो ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर फुटलेल्या शेंड्यांवरची, अगदी कोवळी आणावीत, कारण जून पानांचा त्रास अधिक होतो. पान खलात वाटले की पेशी फुटतात, त्यातील पॉलिफिनॉल (वनस्पतीतील तुरट संयुगे) हवेतल्या ऑक्सिजनच्या संपर्कात येतात, आणि हिरवा लगदा पाहता पाहता तपकिरी पडू लागतो. एकदा ही संयुगे डीएनएला चिकटली की शेवटी नळीच्या तळाशी पांढऱ्याऐवजी तांबूस, चिकट गोळा बसतो आणि तो पाण्यात नीट विरघळतही नाही. म्हणून द्रव नायट्रोजनमध्ये पान गोठवून त्याची पूड करावी. लहान गावातल्या महाविद्यालयाला हा नायट्रोजन कोठून मिळणार, असा प्रश्न पडतो. पण गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी वीर्याच्या कांड्या त्यातच साठवतात, त्यामुळे दुधाच्या या पट्ट्यात चौकशी कोठे करायची हे विद्यार्थ्यांनाच माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

त्यापुढची पद्धत सीटॅब या रसायनाची. डॉयल आणि डॉयल यांनी १९८७ मध्ये ती ताज्या पानांसाठी सुटसुटीत करून मांडली, आणि वनस्पतींवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांत तिची रूपे आजही वापरात आहेत. येथे मी विद्यार्थ्यांना द्रावणातील एकेका घटकाचा जाब विचारतो. सीटॅब हे धनभारित अपमार्जक, म्हणजे साबणासारखे काम करणारे द्रव्य असून ते पेशीची पटले विरघळवते. मीठ १.४ मोलार इतके जास्त ठेवायचे, कारण तेवढ्या मिठात डीएनए विरघळलेला राहतो आणि सीटॅब पॉलिसॅकराइड (पिष्टासारख्या शर्करांच्या लांब साखळ्या) व प्रथिनांना धरून ठेवते, मीठ ०.७ मोलारच्या खाली गेले तर सीटॅब डीएनएलाच घेऊन खाली बसते. ईडीटीए मॅग्नेशियम पकडून ठेवते, त्यामुळे डीएनए तोडणारी विकरे निकामी होतात. पीव्हीपी पॉलिफिनॉलना बांधून ठेवते, तर मर्कॅप्टोइथेनॉल त्यांचे ऑक्सिडीकरण रोखते, मात्र त्याच्या दुर्गंधीमुळे आणि विषारीपणामुळे ते धूरकपाटाबाहेर, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाबाहेर, उघडायचे नाही. हे मिश्रण ६५ अंशांवर ठेवून नंतर क्लोरोफॉर्म आणि आयसोअमिल अल्कोहोल २४:१ या प्रमाणात मिसळून सेंट्रिफ्यूज केले, की नळीत तीन थर दिसतात: खाली हिरवा क्लोरोफॉर्म, मध्ये प्रथिनांची पांढरट चकती आणि वर डीएनए असलेले पाणी.

हाताची खरी परीक्षा या वरच्या थरापाशी होते. मायक्रोपिपेटचे बटण पहिल्या थांब्यापर्यंत दाबून मगच टिप द्रवात बुडवायची आणि अंगठा सावकाश सोडायचा. घाई केली तर टिपेत बुडबुडा शिरतो, आणि टिप जरा खोल गेली तर ती चकतीही वर ओढली जाते. थोडा थर नळीतच राहू द्यावा, असे मी सांगतो, पण विद्यार्थ्यांचा जीव त्या शेवटच्या थेंबात अडकतो. टिपेचे टोकही कात्रीने थोडे कापून घ्यावे, नाहीतर डीएनएचे लांब रेणू अरुंद तोंडातून जाताना तुटतात. पिपेटची सवय मात्र आधी साध्या पाण्यावर करून घ्यावी: १०० मायक्रोलिटर पाणी काट्यावर ०.१ ग्रॅमच्या आसपास भरले पाहिजे, आणि पुन्हा पुन्हा तेवढेच भरले पाहिजे.

तयार किट वापरावे की नाही, यावर आमच्या विभागात मतभेद आहेत. किटमध्ये डीएनए सिलिकाच्या पडद्यावर अडकतो, काम लवकर उरकते आणि संशोधनात ते सोयीचेच आहे. पण पहिल्याच वर्षी किट हातात दिले, तर बाटल्यांवरच्या क्रमांकांपलीकडे काही शिकायला मिळत नाही.

शुद्धतेसाठी २६० आणि २८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाच्या शोषणाचे गुणोत्तर पाहतात. ते १.८ च्या आसपास आले की विद्यार्थी समाधानाने वही मिटतात. मी मात्र २६० आणि २३० चे गुणोत्तरही लिहायला लावतो, कारण पॉलिसॅकराइड आणि फिनॉली संयुगांची चाहूल तेथे लागते. तेही पुरेसे न वाटल्यास पीसीआर, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची प्रक्रिया, करून पाहावा; त्या प्रती जेलवर पट्ट्याच्या रूपात दिसतात. मूळ नमुन्यावर पट्टा येत नाही आणि तोच नमुना दहापट विरल केला की येतो, असे झाले तर डीएनए कमी नसून प्रती काढणाऱ्या टॅक पॉलिमरेज या विकराला अडवणारे काहीतरी त्यात राहिले आहे, असे समजावे. मात्र त्याच जेलवर, डीएनए न घालता पीसीआर केलेल्या नळीची जागा रिकामी दिसली पाहिजे. तेथेही पट्टा असेल, तर बाकीच्या पट्ट्यांचा अर्थ लावत बसू नये.

द्राक्ष जमले की हळद घ्यायला हरकत नाही, पण कंद पिष्टाने भरलेला असतो, तेव्हा तेथेही सुरुवात कोवळ्या पानापासूनच करावी.