बाई, आज शाळा नाही का?

मी ठाण्यात वागळे इस्टेट भागातल्या एका मराठी शाळेत पहिलीला शिकवते. पटावर 34 मुलं. गेल्या पावसाळ्यात आम्ही काना संपवून नुकते वेलांटीवर आलो होतो. फळ्यावर 'मी' लिहिलं आणि मागच्या रांगेतली, एरवी तोंडही न उघडणारी पोरंसुद्धा मोठ्यानं वाचायला लागली. त्याच आठवड्यात माझ्या नावानं बीएलओचा, म्हणजे घरोघरी जाऊन मतदार यादी तपासणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याच्या कामाचा, आदेश आला.

मग नऊ दिवस हातात मतदार यादी. नवीन नावाला फॉर्म 6, वगळायला 7, दुरुस्तीला 8. कुलूप लागलेली घरं, बदललेले भाडेकरू, लग्न होऊन दिव्याला गेलेल्या मुली. चौथ्या दिवशी साडेअकराला एका खोलीची कडी वाजवली, तर दार माझ्याच वर्गातल्या मुलानं उघडलं. "आई, बाई आल्या!" अंगावर गणवेश नव्हता. त्याच्या आईनं पाणी दिलं आणि विचारलं, "बाई, आज शाळा नाही का? हा म्हणतो बाई येत नाहीत, मग कशाला जाऊ."

शाळा होती. माझा वर्ग तिसरीला जोडला होता. एका खोलीत सत्तरेक मुलं घेऊन ती बाई तरी काय करणार? माझ्या पोरांना चित्रं रंगवायला द्यायची, आणि तिसरीचा भागाकार रेटायचा.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याच्या कलम 27 मध्ये शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच बिगरशैक्षणिक कामं देता येतात. मतदार यादी निवडणुकीत मोडते, हे मला मान्य आहे. मतदान केंद्रावरची ड्युटी मी कधी टाळलेली नाही, टाळणारही नाही. पण सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2007 मध्येच सांगितलंय की यादीचं काम शिक्षकांना सुट्टीच्या दिवशी द्यावं, शिकवण्याच्या दिवशी आणि शिकवण्याच्या वेळेत शक्यतो देऊ नये. साडेअकराला मी त्या जिन्यात उभी होते, ती वेळ शिकवण्याचीच होती. त्याच कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास लिहिलेत. म्हणजे दिवसाचे चार. माझ्या मुलांचे छत्तीस तास गेले.

माझी मुलगी नौपाड्यात तिसरीला आहे. त्याच महिन्यात तिच्याही बाईंना आदेश आला. हातच्याची वजाबाकी अर्ध्यावर राहिली. मी रात्री भांडी आवरून तिला काड्यांच्या जुड्या सोडून दाखवल्या, तीन संध्याकाळी लागल्या, आली तिला. दार उघडणाऱ्या त्या मुलाच्या घरी संध्याकाळी वेलांटी समजावणारं कुणी नाही. त्याची आई मला म्हणाली होती, "आम्हाला येत असतं तर तुमच्याकडे कशाला पाठवलं असतं?" दोन्ही मुलांचे दिवस सारखेच बुडाले, पण माझ्या मुलीचे भरून निघाले.

परत वर्गात गेले तेव्हा 34 पैकी 19 मुलं 'मी' ला 'मा' वाचत होती. काना आठवत होता, वेलांटी पुसली गेली होती.

2027 च्या फेब्रुवारीत जनगणना आहे, 2011 नंतरची पहिली. शिक्षक लागणारच, आणि दारोदार आम्ही नीट काम करू. पण त्या दिवसांत वर्गावर कोण, हे आत्ताच ठरायला हवं. बदली शिक्षक नेमा, नाहीतर काम सुट्टीच्या दिवसांत बसवा. वर्ग जोडणं हा उपाय नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या बायका. कोणत्या वर्गाला किती दिवस शिक्षक नव्हता, हे इतिवृत्तात लिहून घ्यायचा अधिकार त्यांना आहे. आमच्याकडे ते आजवर कुणी लिहिलेलं नाही. मला पाणी देणारी ती आई यंदा समितीवर आहे. पुढच्या शनिवारी सभा. नऊच्या नऊ तारखा मी तिला कागदावर लिहून दिल्यात.