ताम्रपट, शाल आणि बाराशेचं आठशे

दिवाळीच्या आधी आपल्याकडे प्रदर्शनांचा पूर येतो ना, तशाच एका प्रदर्शनात आईला घेऊन गेले होते. कोपऱ्यातल्या स्टॉलवर वारली चित्रं काढणारे एक दादा बसलेले, मागे टेबलफॅन, आणि वर दोरीला चिमट्याने अडकवलेला एक लॅमिनेट केलेला फोटो. फोटोत त्यांचे काका, अंगावर शाल, हातात ताम्रपट, शेजारी कोणीतरी मंत्री. आईने फोटो बघितला, "अगंबाई, नॅशनल अवॉर्ड!" म्हणाली आणि त्याच दमात, "बाराशे जास्त होतात हो दादा, आठशेला द्या."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आईला काय बोलणार, तुळशीबागेत वाढलेली बाई आहे ती. दादा हसले, म्हणाले, "ताई, हजार द्या." झालं.

घरी आल्यावर मात्र तो फोटो डोक्यातून जाईना. हस्तकलेची ही नॅशनल अवॉर्ड्स 1965 पासून दिली जातात, 2002 पासून त्याच्या वरचा शिल्पगुरू पुरस्कारही आहे, म्हणजे कारागिराला मान द्यायचा हे आपल्याला सुचलंय, नाही असं नाही. फक्त मान वेळेवर देणं जमत नाही. 2017, 2018 आणि 2019 या तीन वर्षांचे पुरस्कार 2022 च्या नोव्हेंबरमध्ये एकदम वाटले, मध्ये कोविड होता हे मान्य, पण 2017 च्या वेळी कुठे होता कोविड?

आणि हे झालं हाताने काम करणाऱ्यांचं. या हातांना जगापुढे आणायला ज्यांनी आयुष्य घातलं त्यांच्याबद्दल आपण कधी बोलतो का? कमलादेवी चट्टोपाध्याय हे नाव माझ्या ऑफिसमध्ये विचारून बघितलं, पाचातल्या एकीला माहीत होतं, तेही गूगल डूडलमुळे. मंगळूरची ही बाई. 1927 साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषद भरली त्यात पुढे होती, 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात मुंबईच्या शेअर बाजारात शिरून मिठाच्या पुड्या विकून आली. मला हा किस्सा भयंकर आवडतो, कारण पुढे आयुष्यभर तिने एका अर्थी तेच केलं, लोकांनी बनवलेली वस्तू उचलायची आणि जिथे पैसा आहे तिथे नेऊन विकायची.

फाळणीनंतर निर्वासितांना घेऊन तिने सहकारी संघ उभा केला, फरीदाबाद वसवण्यात त्या लोकांचा हात होता, पुढे दिल्लीचं कॉटेज एम्पोरियम चालवायला त्याच संघाकडे आलं. 1952 मध्ये अखिल भारतीय हस्तकला मंडळ निघालं त्याची ती अध्यक्ष. आता अध्यक्ष म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर हार आणि फीत येते, पण हिचं काम म्हणजे कर्ज कोण देणार, कच्चा माल कुठून येणार, माल पडून राहिला तर विकणार कोण, असली रुक्ष कटकट, आणि ती करायला गावोगाव हिंडायचं. विणकर तिला हातकरघा माँ म्हणायचे. 1966 ला मॅगसेसे मिळालं ते सामाजिक नेतृत्वासाठी, पद्मविभूषण 1987 मध्ये, आणि पुढच्याच वर्षी मुंबईत ती गेली.

आता दुसरं नाव, हे तर त्याहून कमी लोकांना माहीत आहे. भास्कर कुलकर्णी. मुंबईचा चित्रकार, आपला माणूस. 1966-67 मध्ये बिहारमध्ये दुष्काळ पडला तेव्हा हस्तकलांसाठी काम करणाऱ्या पुपुल जयकरांनी याला मधुबनीला पाठवलं, जिथे बायका घराच्या भिंतींवर चित्रं काढायच्या. बरोबर काय, तर कागद. भिंतीवर काढता तेच यावर काढा, आम्ही विकत घेतो. दुष्काळात धान्य घेऊन जाणारे खूप असतात, कागद घेऊन जाणारा हा एकच असावा! सीतादेवी, गंगादेवी, जगदंबादेवी ही नावं पुढे पद्मश्रीपर्यंत गेली त्याची सुरुवात या कागदापासून. मग सत्तरीच्या सुरुवातीला हाच माणूस आपल्या डहाणूकडच्या वारली पाड्यांवर हिंडायला लागला.

वारल्यांमध्ये लग्नाचा चौक, म्हणजे लग्नात भिंतीवर काढायचं चौकोनी चित्र, सवाशिणी काढायच्या, गेरू-शेणाने सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, मध्ये पालघट देवी. पुरुषांचं ते कामच नव्हे. गंजाडचा जिव्या सोमा म्हसे हा मात्र लहानपणी आई गेल्यावर बोलायचाच थांबला होता आणि जमिनीवर चित्रं काढत राहायचा. त्याच्या हाताला कागद लागला आणि पुढचं तुम्हाला माहितीय, 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, 2011 मध्ये पद्मश्री, परदेशात प्रदर्शनं. यात मला सगळ्यात झोंबतं ते हे की त्या राष्ट्रीय पुरस्काराच्या वेळी त्याला जमीन देऊ असं कबूल केलं होतं आणि ती पदरात पडायला तीस वर्षांहून जास्त काळ गेला. शाल त्याच दिवशी मिळाली असणार.

आणि ते कमलादेवींचं हस्तकला मंडळ? ते 2020 च्या ऑगस्टमध्ये बरखास्त झालं. हातमागाचं मंडळ त्याच्या आठवडाभर आधी, म्हणजे 7 ऑगस्टचा राष्ट्रीय हातमाग दिवस तोंडावर असताना. छोटं सरकार हवं म्हणून. मंडळ नुसतं सल्ला देण्यापुरतं उरलं होतं हे खरं असेलही, पण सरकारच्या टेबलाशी या लोकांची एक खुर्ची होती ना, ती काढायची आणि वर दरवर्षी हातमागाची साडी नेसून सेल्फी टाका म्हणायचं, हे मला काही झेपत नाही. (मीही टाकलाय सेल्फी, इरकल होती, असो.)

तर दुसऱ्या दिवशी मी त्या प्रदर्शनात परत गेले, एकटी. भावाचं लग्न आहे फेब्रुवारीत, म्हटलं लग्नाचा चौक हवाय मोठा, चार बाय चार, किंमत तुम्ही सांगा. दादांनी आकडा सांगितला, मी अर्धे पैसे तिथेच गूगल पे केले. चौक मात्र आमच्या घरी बायकोच काढते म्हणाले, तांदळाचं पीठ आणि गोंद वापरूनच, घाई करू नका, भाताची कापणी चालू आहे.

काल त्यांचा व्हॉट्सॲप आला. मी घाईघाईने उघडला, वाटलं चौक झाला. तर खळ्याचा फोटो, भाताचे भारे रचलेले, खाली लिहिलंय, "झोडणी बाकी आहे ताई."