आईच्या डब्यातले चौदा रुपये आणि एक लगडी

दिवाळीच्या आधी देवघर आवरताना आईने पितळी डबा माझ्यासमोर ठेवला. "माझ्या डोळ्यांदेखत तुम्ही दोघी बहिणी वाटून घ्या," म्हणाली. डब्यात राणीछाप तीन रुपये, बोडक्या राजाचे दोन (सातव्या एडवर्डच्या डोक्यावर रुपयात मुकुट नाही, म्हणून आजीचं ते नाव), पंचम जॉर्जचे चार, सहाव्या जॉर्जचे चार आणि रामदरबाराचं एक नाणं. शिवाय १०० ग्रॅमची चांदीची लगडी. ती आईने २०११ साली, शिवणकामाच्या पैशांतून, एका ओळखीच्या माणसाकडून बिलाशिवाय घेतली होती. वर ९९९, म्हणजे ९९.९ टक्के शुद्ध, असं ठोकलेलं.

वाटायचं तर आधी कळायला हवं, म्हणून आम्ही एका सराफाकडे गेलो. त्याने नाणी काचेवर वाजवली, लगडी मशीनखाली धरली आणि दोन मिनिटांत निकाल दिला: सहाव्या जॉर्जचे चारही रुपये खोटे, लगडी एक नंबर. बाकीच्यांच्या कडेला कानस मारून बघू म्हणाला, तेव्हा आईने डबा उचलला. बरं झालं. जुन्या रुपयाला एकदा कानस लागली की तो फक्त मोडीच्या भावाचा उरतो. पॉलिशही करू नये. तो काळपटपणा त्याच्या वयाचा असतो.

घरी मी ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा डिजिटल काटा मागवला. चुंबक आधीच लावून पाहिला होता. चांदीला तो चिकटत नाही, पण तांब्या-पितळेलाही चिकटत नाही, त्यामुळे त्यावरून फक्त लोखंड नाही एवढंच कळतं. बर्फ ठेवून बघण्याचंही तसंच, तांब्यावरही तो भराभर वितळतो.

वजनाने मात्र बोलायला सुरुवात केली. ब्रिटिश काळातला रुपया ११.६६ ग्रॅमचा. जुना तोळा तो हाच, आजचा सराफी तोळा १० ग्रॅमचा. आमचे बहुतेक रुपये ११.४ ते ११.६६ च्या मधले निघाले, झिजेपुरतीच घट. पंचम जॉर्जचा एक मात्र ११.९२. जास्त कसा? भिंगाखाली कडेला राखाडी डाकेचा, म्हणजे जोडकामाच्या धातूचा, फुगवटा दिसला. कधीकाळी त्याला कडी लावून हारात ओवलेला असणार. कडी गेली, डाक राहिली.

मग पाण्याची परीक्षा. काट्यावर अर्धा पेला पाणी ठेवून काटा शून्यावर आणायचा. नाणं बारीक शिवणदोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं सोडायचं, तळाला नाही, काचेलाही नाही. नाण्याला बुडबुडे चिकटले तर आकडा फसवतो, म्हणून ते झटकायचे. आता काटा जे दाखवतो ते नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या वजनाला त्याने भागलं की घनता मिळते. शुद्ध चांदीची १०.४९, तांब्याची ८.९६. जुन्या रुपयात ९१.७ टक्के चांदी आणि बाकी तांबं, म्हणजे घनता १०.३ च्या आसपास यायला हवी. झिजलेला राणीछाप ११.४१ ग्रॅम, पाण्यात १.१०. भागाकार १०.३७. मी आईकडे बघितलं, ती माझ्या आधीच हसत होती.

सहाव्या जॉर्जचे रुपये वजनाला बरोबर, पण पाण्यात १.२२. घनता साडेनऊ. खोट्याला शोभेल असाच आकडा. पण वर्षं होती १९४४ आणि १९४५, आणि खरं उत्तर तिथेच होतं. महायुद्धात चांदीची चणचण झाली म्हणून १९४० पासून सरकारनेच रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. उरलेल्यात ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. त्या मिश्रणाची घनता ९.५ च येते. कडेच्या दातांच्या मधोमध नक्षीची खाच होती, तीही त्याच काळातली. म्हणजे नाणी अस्सल, चांदी निम्मी. अस्सल आणि शुद्ध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या सराफाने एकाच दमात दोन्ही मोडीत काढल्या होत्या. १९४७ च्या वाघाच्या रुपयात तर चांदीच नाही, तो निकेलचा. तरी तो अस्सलच.

रामदरबाराच्या नाण्याला पाणीसुद्धा लागलं नाही. वर ईस्ट इंडिया कंपनी आणि १८१८. कंपनीने रामदरबाराचं असं नाणं कधी पाडलंच नाही. ते नंतरच्या कुणीतरी श्रद्धेचा बाजार करून विकलेलं.

लगडी शेवटी घेतली. १०० ग्रॅम चांदीने ९.५३ ग्रॅम पाणी सारायला हवं. काटा ११.७ वर थांबला. दोरा बदलला, पेला बदलला, तिसऱ्यांदा आईनेच सोडली. ११.७.

दुसऱ्या दिवशी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीला गेलो. तिथे चांदी हेच गावाचं काम, टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, काढणारे हात पिढ्यान्‌पिढ्यांचे. कारागिराने लगडी तळहातावर तोलली आणि म्हणाला, "ताई, मशीन वरची कातडी बघतंय, पोटात काय हाय ते न्हाई." आईला विचारून त्याने छिन्नी लावली. एकच घाव. वर पांढरा पातळ पापुद्रा, आत पिवळंधमक पितळ. आई त्या चिरेकडे बराच वेळ बघत राहिली. "काकी, बिल हाय का?" त्याने हळूच विचारलं. तिने मान हलवली.

आता चांदी घ्यायची असेल तर मी हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेचा अधिकृत शिक्का, बघून, बिल घेऊनच घेईन. सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या दागिन्या-वस्तूंच्या हॉलमार्कमध्येही सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या वस्तूचा स्वतःचा ओळख क्रमांक, आला आहे, तो भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर घालून बघता येतो. नुसतं ९९९ ठोकलेलं असण्याला काही अर्थ नाही. तो ठसा कुणीही मारू शकतो.

संध्याकाळी आईने तेरा पुड्या बांधल्या. प्रत्येकीवर वर्ष, कोरडं वजन आणि पाण्यातला आकडा, तिच्या बारीक अक्षरात. १९४४ च्या पुडीवर तिने पुढे "अस्सल" असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या. लगडी डब्याबाहेरच राहिली.